वयानुसार बदलणारे व्यक्तिमत्त्व विकार: मानसोपचार घेणाऱ्या रुग्णांविषयीच्या अभ्यासांचा आढावा

विचार करण्याची, भावना अनुभवण्याची, इतरांशी वागण्याची आणि मनातील ऊर्मी आवरण्याची प्रत्येक माणसाची एक रीत असते. ही रीत त्याच्या समाजाच्या अपेक्षेपासून ठळकपणे दूर गेलेली असेल, वर्षानुवर्षे टिकून राहिली असेल आणि त्याला स्वतःला किंवा त्याच्या घरच्यांना सतत जाचत असेल, तर मानसोपचारशास्त्र तिला व्यक्तिमत्त्व विकार म्हणते. नैराश्य येते आणि ओसरते, उन्मादाचा झटका उपचारांनी शांत होतो. व्यक्तिमत्त्व विकार मात्र किशोरवयाच्या अखेरीस दिसू लागला की जन्मभर तसाच राहतो, असे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात जितक्या सहज तोंडी येते, तितक्याच ठामपणे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहिले होते की, तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव गिलाव्यासारखा घट्ट बसतो आणि पुन्हा मऊ होत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत रुग्णांचा चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांनी हा समज बऱ्याच अंशी खोटा ठरवला आहे. काही विकार वयाबरोबर निवळतात, काही जागच्या जागी राहतात, तर काही उतारवयात अधिक कडक होतात, असे त्यांतून दिसते; म्हणून रुग्णाचे वय लक्षात न घेता केलेले निदान अपुरे ठरते.

कुर्ट श्नायडर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९२३ मध्ये मनोविकृत व्यक्तिमत्त्वांचे प्रकार मांडले आणि आजच्या वर्गीकरणाची पायाभरणी केली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने या विकारांसाठी स्वतंत्र अक्ष ठेवला, त्यामुळे रुग्णाच्या मुख्य आजाराबरोबर त्याच्या स्वभावाचाही विचार करणे डॉक्टरांना भाग पडले. या पुस्तिकेनुसार विकारांचे तीन गट पडतात. ‘अ’ गटात संशयी, एकलकोंडी आणि विक्षिप्त माणसे येतात. ‘ब’ गटात समाजविघातक, आत्मप्रौढ, नाटकी आणि सीमावर्ती, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातील ‘बॉर्डरलाइन’, हे प्रकार मोडतात. भावनांचा भडका आणि उतावळेपणा हा या गटाचा समान धागा आहे. ‘क’ गट भिडस्त, परावलंबी आणि अतिकाटेकोर माणसांचा आहे. वयाचा परिणाम या तीन गटांवर सारखा होत नाही.

मानसोपचार घेणाऱ्यांमध्ये हे विकार किती आढळतात, याचे उत्तर शोधण्याच्या पद्धतीवर फार अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ देशांतील १४ केंद्रांवर ७१६ रुग्णांची ठरावीक प्रश्नावलीने मुलाखत घेतली. बंगळुरू हे त्यांतील भारतीय केंद्र होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ३९.५ टक्के रुग्णांना कोणता ना कोणता व्यक्तिमत्त्व विकार असल्याचे दिसले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे २००५ मध्ये ८५९ बाह्यरुग्णांच्या तपासणीत हे प्रमाण ३१.४ टक्के निघाले. याउलट चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील बाह्यरुग्ण विभागाच्या जुन्या नोंदी चाळून २०१२ मध्ये मांडलेल्या अहवालात हे निदान केवळ एक टक्क्याच्या आसपास आढळले. त्यांतले बहुसंख्य रुग्ण २१ ते ४० या वयोगटातले होते आणि भिडस्त व सीमावर्ती हे प्रकार सर्वांत जास्त होते. विचारून शोधले तर तिघांत एक आणि नोंदीतून शोधले तर शंभरात एक, ही तफावत रुग्णांच्या स्वभावातील नसून पाहणाऱ्याच्या नजरेतील आहे. गर्दीच्या ओपीडीत नैराश्य, व्यसन किंवा चिंतारोग यांची नोंद होते, त्यामागचा स्वभाव कागदावर येत नाही. तो आलाच तर तरुण आणि त्रासदायक रुग्णाच्या बाबतीत येतो. चंडीगढच्या आकड्यांत साठीच्या पुढची माणसे तुरळक दिसतात, यालाही हेच कारण बऱ्याच अंशी लागू पडते.

किशोरवयात हे निदान करावे की करू नये, यावर जुना वाद आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी करता येत नाही आणि पंधराव्या वर्षाआधी वर्तनदोषाची चिन्हे दिसलेली असावी लागतात. इतर प्रकारांत अठराच्या आतील मुलांमध्ये लक्षणे किमान एक वर्ष टिकलेली असावीत, अशी अट आहे. कोवळ्या मुलावर शिक्का बसू नये ही डॉक्टरांची भीती रास्त आहे, आणि वयाबरोबर ही लक्षणे ओसरतात याला आधारही आहे: न्यू यॉर्क राज्यातील मुलांना लहानपणापासून तारुण्यापर्यंत पाहणाऱ्या एका दीर्घ अभ्यासात किशोरवयापासून तारुण्याच्या सुरुवातीपर्यंत अशा लक्षणांचे सरासरी प्रमाण २८ टक्क्यांनी घटल्याचे २००० मध्ये नोंदवले गेले. मात्र ज्या मुलांत ही लक्षणे तीव्र असतात, त्यांची पुढची वर्षे शिक्षण अर्धवट सुटणे, स्वतःला इजा करणे आणि व्यसन यांत जातात. शिक्का नको म्हणून मदतही न देणे हा या भीतीचा सर्वांत महाग पडलेला परिणाम आहे. मेलबर्न येथे पंधरा ते पंचवीस या वयातील १३९ सीमावर्ती रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन प्रकारच्या सेवांची तुलना करण्यात आली, आणि तिन्ही गटांत मुले सुधारली. लवकर गाठून नेमाने दिलेली साधी सेवाही खास मानसोपचाराच्या तोडीची ठरली. जिथे खास मानसोपचार मिळण्याची शक्यताच नाही अशा तालुक्यांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे.

‘ब’ गटातील सीमावर्ती विकारावर सर्वाधिक पाठपुरावा झाला आहे आणि ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीला सर्वांत जोरदार धक्काही तिथेच बसला. या विकारात माणूस एका दिवसात जिवलग होतो आणि दुसऱ्या दिवशी शत्रू ठरतो, एकटे पडण्याची भीती अनावर होते, राग आवरत नाही आणि हातावर ब्लेड ओढणे किंवा औषध पिणे असे प्रकार घडतात. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारीनी यांनी १९९२ मध्ये अशा २९० रुग्णांचा अभ्यास सुरू केला. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निकषांच्या खाली राहिली. अमेरिकेतीलच दुसऱ्या एका बहुकेंद्री अभ्यासात दहा वर्षांत ८५ टक्के रुग्ण निकषांतून बाहेर पडले. माँट्रियलमध्ये जोएल पॅरिस यांनी सरासरी २७ वर्षांनी, म्हणजे रुग्ण पन्नाशीला आले असताना, त्यांना पुन्हा गाठले तेव्हा सुमारे ८ टक्क्यांमध्येच विकार शिल्लक होता. मात्र झनारीनी यांच्याच रुग्णांपैकी जेमतेम निम्म्या लोकांना स्थिर नाते आणि पूर्णवेळ काम असे दोन्ही मिळवता आले. राग आणि ब्लेड दोन्ही सुटतात, पण विशीत हुकलेली नोकरी, मोडलेले लग्न आणि तुटलेला गोतावळा चाळिशीत आपोआप परत येत नाही. म्हणून ‘वयाबरोबर बरे होईल’ एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवणे हा धीर नसून हलगर्जीपणा आहे.

समाजविघातक व्यक्तिमत्त्वाविषयीची पायाभूत माहिती ली रॉबिन्स यांच्या १९६६ च्या ग्रंथातून मिळते. त्यांनी सेंट लुईस शहरातील बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांना तीस वर्षांनी शोधून काढले होते. चोरी, मारामारी आणि खोटेपणा तिशी-चाळिशीत कमी होतो, हे तेव्हापासून मान्य आहे. पुढे आयोवा येथील ७१ पुरुषांच्या पाठपुराव्यात २७ टक्के पूर्ण निवळले, ३१ टक्के सुधारले आणि ४२ टक्के होते तसेच राहिले. पोलिसांच्या नोंदी थांबल्या तरी बायकामुलांवरचा जाच आणि दारू पुष्कळांच्या घरात चालूच राहते, आणि ती बाब अशा आकड्यांत पुरती उतरत नाही.

उरलेल्या दोन गटांची कथा उलटी आहे. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम येथे चिंता आणि नैराश्य यांच्या रुग्णांचे व्यक्तिमत्त्व एकदा आणि पुन्हा बारा वर्षांनी तपासण्यात आले. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ‘ब’ गटाची वैशिष्ट्ये सौम्य झालेली आणि ‘अ’ व ‘क’ गटांची अधिक ठळक झालेली आढळली. नेदरलँड्समध्ये २००३ साली पाच वयोगटांतील सामान्य नागरिक आणि मानसोपचाराचे रुग्ण यांची तुलना झाली, तेव्हाही वृद्धांमध्ये धडाडीचे, उसळणारे प्रकार कमी आणि एकलकोंडा व अतिकाटेकोर स्वभाव जास्त दिसला. सर्वसामान्य माणसांतही विशी ते चाळिशीच्या दरम्यान जबाबदारीची जाण आणि भावनिक स्थैर्य वाढते, असे ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये दाखवले गेले आहे. उतावळेपणाला वय, संसार आणि थकणारे शरीर लगाम घालतात. संशय, अलिप्तता आणि ताठरपणा यांना वय लगाम घालत नाही, उलट ऐकू कमी येणे, समवयस्क गमावणे आणि दुसऱ्याच्या हाती जाणे यांमुळे त्यांना खतपाणीच मिळते.

वृद्धांमध्ये ‘ब’ गट कमी दिसतो याचे एक कारण सुधारणा आहे, तर दुसरे कारण मृत्यू आहे. दक्षिण लंडनमधील २०१२ च्या अभ्यासानुसार व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झालेल्या स्त्रियांचे आयुर्मान इतरांपेक्षा १८.७ वर्षांनी आणि पुरुषांचे १७.७ वर्षांनी कमी होते. माँट्रियलच्या मूळ रुग्णांपैकी दर दहांतील सुमारे एकाने आत्महत्या केली. जे पन्नाशीला पोचले त्यांचीच मोजदाद वृद्धांच्या आकडेवारीत होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी हा मुद्दा फार गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये भारतात १,६४,०३३ आत्महत्या झाल्या. त्यांतील २२,२०७ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होत्या. देशभरातील मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक १८ ते ४५ या वयातले होते आणि कारणांत कौटुंबिक कलह सर्वांत वर होता.

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी, अंथुर्णे, शेळगाव या भागांत ऊस, डाळिंब आणि पानमळे आहेत, आणि फवारणीची औषधे बहुधा घरातच, गोठ्यात किंवा माळ्यावर ठेवलेली असतात. शहरातील तरुणी भांडणानंतर झोपेच्या गोळ्या घेते आणि बहुधा वाचते. शेतावरची तरुणी तेवढ्याच रागात, तेवढ्याच क्षणिक ऊर्मीने कीटकनाशकाची बाटली तोंडाला लावते आणि इंदापूर किंवा बारामती गाठेपर्यंत उशीर होतो. मॅक्लीनच्या रुग्णांना निवळण्यासाठी जी दहा वर्षे मिळाली, ती या मुलीला मिळत नाहीत. स्वभाव बदलण्याआधी आयुष्य संपते, आणि मग गाव म्हणते की तिचा स्वभावच तापट होता. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा पुढच्या दशकात तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. घरातील औषध कुलूपबंद ठेवणे आणि अतिविषारी औषधे बाजारातून काढणे ही व्यक्तिमत्त्व विकारावरचीही उपाययोजना आहे, कारण ती रुग्णाला म्हातारा होण्याची संधी देते.

वृद्धांच्या निदानात मोजपट्टीचाही दोष आहे. निकष तरुणांना समोर ठेवून लिहिलेले असल्याने ते नोकरी, मैत्री आणि लैंगिक संबंध यांविषयी विचारतात, पण निवृत्ती, वैधव्य आणि परावलंबन यांबद्दल गप्प राहतात. २००७ मध्ये तरुण आणि वृद्ध गटांची तुलना करणाऱ्या एका अमेरिकी विश्लेषणात तब्बल २९ टक्के निकष दोन्ही वयांत सारखे मोजत नाहीत, असे दिसून आले. ‘जवळचा मित्र नाही’ हे तरुणाबाबत अलिप्ततेचे लक्षण ठरू शकते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे मित्र मात्र कदाचित स्मशानात पोचलेले असतात.

अतिकाटेकोर स्वभावाचे उदाहरण पानमळ्यावर नेमके पाहता येते. पानवेलीला रोज माणूस लागतो. वेल शेवरी-पांगाऱ्याला बांधणे, पाने वेळेवर आणि योग्य आकाराची खुडणे, जून झालेला वेल उतरवून पुन्हा मातीत घेणे, पाणी मोजून देणे, यांत जराही ढिलाई चालत नाही. सगळे स्वतःच्या हाताने आणि एकाच ठरलेल्या रीतीने करणारा शेतकरी या कामात चाळीस वर्षे नावाजलेला राहतो. त्याच्या हट्टामुळेच त्याचे पान बाजारात भाव खाते, आणि घरचे त्याला कडक म्हणत असले तरी आजारी म्हणत नाहीत. पुढे गुडघे जातात, मळा मुलाच्या हाती येतो, मुलगा ठिबक बसवतो आणि मजूर वेगळ्या पद्धतीने खुडणी करतात. त्यानंतर तोच म्हातारा दिवसभर बांधावर उभा राहून प्रत्येकाला टोकतो, हिशेबाची वही तीन-तीन वेळा मागतो, सुनेच्या चुलीपर्यंत नियम घालतो, झोप उडते, जेवण तुटते, आणि घरचे त्याला ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून दवाखान्यात आणतात. स्वभावात फारसा फरक पडलेला नसतो, त्याला सामावून घेणारे काम तेवढे गेलेले असते. येथे गोळीपेक्षा मळ्यातील एखादी बाब, निदान रोपांची किंवा हिशेबाची, पूर्णपणे त्याच्याकडे सोपवणे अधिक उपयोगी पडते, आणि हा सल्ला देण्यासाठी डॉक्टरला त्या माणसाची चाळीस वर्षे विचारावी लागतात. परावलंबी स्वभावाच्या स्त्रीचेही तसेच आहे. एकत्र कुटुंबात तिचे विचारून-विचारून वागणे गुण मानले जाते. नवरा गेला आणि मुले पुण्यात हिंजवडी-चाकणला स्थायिक झाली की साठीत प्रथमच ते आजाराचे रूप घेते.

ज्याचा स्वभाव पन्नाशीपर्यंत मनमिळाऊ होता, तो माणूस अचानक निर्लज्ज, बेफिकीर, चिडका किंवा अतिखर्चिक झाला, तर तो व्यक्तिमत्त्व विकार समजू नये. मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांना ग्रासणारा एक स्मृतिभ्रंश साधारण पन्नाशी-साठीतच सुरू होतो आणि त्यात स्मरणशक्ती जाण्याआधी स्वभाव बदलतो. पक्षाघात, मेंदूतील गाठ, थायरॉइड आणि दारू यांमुळेही असे घडते. अशा माणसाला ‘म्हातारपणी बिघडला’ म्हणून वाळीत टाकण्याऐवजी आधी त्याच्या मेंदूची तपासणी व्हायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेचे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले अकरावे आजार-वर्गीकरण वयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याने जुने प्रकार बहुतांशी बाजूला सारून विकाराची तीव्रता सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी मोजण्यास सांगितले, वयाची खालची मर्यादा हटवली आणि पंचविशीनंतर दिसू लागलेल्या विकारासाठी ‘उशिरा सुरू झालेला’ अशी नोंद करण्याची मुभा दिली. तीव्रता वयानुसार कमी-जास्त होते हे त्यात गृहीत धरलेले असल्याने, जन्माचा शिक्का मारणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ही पद्धत अधिक न्याय्य आहे. भारतात मात्र २९ मे २०१८ रोजी अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची मानसिक आजाराची व्याख्या विचार, भावस्थिती, आकलन, स्थळकाळाचे भान आणि स्मृती यांतील मोठ्या बिघाडाभोवती फिरते, आणि व्यक्तिमत्त्वाचा वेगळा उल्लेख तिच्यात नाही. त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमाने मात्र आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. पोलिसांच्या भीतीने विषप्राशनाला ‘चुकून पोटात गेले’ असे सांगणाऱ्या कुटुंबांपर्यंत ही तरतूद अजून पोचायची आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, त्यामुळे राज्याच्या नियोजनाला इतर राज्यांच्या आकड्यांचा आधार घ्यावा लागतो. जगभरातील अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार सर्वसामान्य लोकसंख्येत व्यक्तिमत्त्व विकारांचे प्रमाण ७.८ टक्के आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ४.३ टक्के आहे. त्यातले कमी प्रमाण गृहीत धरले तरी निमगाव केतकीसारख्या मोठ्या गावात असे शेकडो लोक असणार, हे उघड आहे. त्यांच्यासाठी पुण्याचे ससून रुग्णालय किंवा येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. बारामतीत २०१९ मध्ये सुरू झालेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही त्या मानाने जवळची सोय आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीशी जोडलेल्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात राबवलेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी ताणाखालील माणसांना ऐकून घेण्याचे आणि योग्य ठिकाणी पोचवण्याचे काम केले. ऊसतोड, वाटणी आणि बांधावरची भांडणे ज्या गावाला पाठ आहेत, तिथे अशी घरोघरची ओळख असलेली माणसेच पहिला दुवा ठरू शकतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, आशा सेविका आणि घरच्यांनी प्रत्येक ‘वाईट स्वभावा’मागे तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणत्या वयापासून आहे, मधल्या काळात कमी-जास्त झाले का, आणि आताच का वाढले. लहानपणापासून असेल आणि रुग्ण तरुण असेल, तर घरातील विष लांब ठेवून त्याला पुढची दहा वर्षे सांभाळण्याची तयारी करावी. आयुष्यभर असून उतारवयात उफाळले असेल, तर काय गमावले ते शोधावे. आणि अचानक उद्भवले असेल, तर मेंदूची तपासणी लांबणीवर टाकू नये. बोलण्यासाठी कोणी नसेल तेव्हा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.